अठ्ठावीस चौरस फुटांचा हिशेब

पवनेच्या एका काठाला कासारवाडी आणि दापोडी, दुसऱ्या काठाला पिंपळे गुरव. नदी ओलांडली की भोसरीची एमआयडीसी फार लांब नाही, आणि वाकडमार्गे हिंजवडीचं आयटी पार्कही रोजच्या येण्याजाण्यातलं. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली, तेव्हा कासारवाडीचं स्टेशनही सोयीचं झालं. कारखान्यातला फिटर, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, नुकतं लग्न झालेलं आयटीतलं जोडपं या सगळ्यांना परवडणारी खोली इथे सापडते. त्यामुळे काटेपुरम चौकापासून साठ फुटी रस्त्यापर्यंत कुठल्याही गल्लीत ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी दिसते.

ही घरं साधारण दोन जातींची. एक म्हणजे गुंठा-दीड गुंठा जागेवर मालकाने पैसे साठतील तसे चढवलेले मजले: खाली स्वतः राहायचं, वरच्या खोल्या भाड्याने. दुसरी म्हणजे नव्वदीत आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांतले वन आरके आणि वन बीएचके. कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेले, कुणी कंपनीतून मिळालेल्या रकमेतून. आता या इमारतींची पंचवीस-तीस वर्षं भरत आली. नळ गळतात, बाथरूमखालच्या घराच्या छताला ओल येते, जुन्या वायरिंगवर गीझर चालत नाही. भाडेकरू बदलला की मालकासमोर एकच प्रश्न उभा राहतो: दुरुस्तीला किती लागतील?

मग तो कुणाला तरी फोन करतो आणि विचारतो, ‘चौरस फुटाला काय पडेल?’

प्रश्न स्वाभाविक आहे, कारण घर विकत घेताना भाव चौरस फुटाचाच असतो. नव्या बांधकामातही हा दर बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे हजारो चौरस फुटांत चढउतार एकमेकांत मुरतात. दुरुस्तीत मात्र हा दर फसवा ठरतो. घरातल्या सगळ्यांत लहान खोलीवर सगळ्यांत जास्त खर्च होतो, आणि तो का होतो हे एकदा कागदावर उतरवलं की पुढचा सगळा अंदाज बांधता येतो. म्हणून बाथरूमपासून सुरुवात करू.

समजा, तिसऱ्या मजल्यावरचं, ४ फूट बाय ७ फुटांचं बाथरूम आहे. जमीन २८ चौरस फूट. भिंतींना ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स लावायच्या. चारही भिंतींची लांबी मिळून २२ फूट, म्हणजे २२ गुणिले ७, १५४ चौरस फूट. अडीच बाय सातच्या दाराचे १७.५ वजा केले की उरले १३६.५. त्यात जमीन मिळवली की १६४.५. जमिनीच्या जवळपास सहापट काम, आणि हे फक्त वरवर दिसणारं.

भिंतीची टाइल १२ बाय १८ इंचांची, म्हणजे कारखान्याच्या मापात ३०० बाय ४५० मिलिमीटर. सहा नगांच्या खोक्यात ८.७ चौरस फूट भरतात. दुकानदार तोंडी हिशेबात एक टाइल दीड चौरस फुटाची धरून खोकं ९ चौरस फुटांचं म्हणतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण पंधरा-वीस खोक्यांत अर्ध्या खोक्याहून जास्त माल कमी पडतो. आणि मोरबीहून आलेल्या टाइल्सची तीच छटा पुढच्या लॉटमध्ये मिळेलच असं नाही. कटिंग आणि मोडतोडीसाठी १० टक्के धरले तर १५० चौरस फूट, म्हणजे १८ खोकी. एखादं खोकं उरलं तर ते माळ्यावर ठेवावं. पाच वर्षांनी प्लंबरला भिंत फोडावी लागली, तर तेच खोकं कामाला येईल.

आता तोडफोड. जुनी टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून दोन इंच जाडी धरली तर १६४.५ चौरस फुटांतून सुमारे २७ घनफूट घट्ट राडारोडा निघतो. खाली उतरवलेल्या स्लॅबमधली, म्हणजे सनकनमधली फूटभर भर उकरली तर आणखी २८. फोडलेला माल फुगतो, दीडपट होतो. म्हणजे ८० घनफुटांच्या आसपास. गोणीत एक घनफूट भरला तर ८० गोण्या. लिफ्ट नाही. एका बिगाऱ्याने एक गोणी तीन मजले खाली नेऊन परत वर यायला सात मिनिटं धरली, तर ८० फेऱ्यांना नऊ तासांहून जास्त वेळ लागतो. खांद्यावर ओझं घेऊन सलग नऊ तास कुणी जिने चढउतार करू शकत नाही, आणि कुणाकडून तशी अपेक्षाही करू नये. म्हणून अंदाजात फक्त राडारोडा उतरवायला दोन माणसांचा एक दिवस धरायचा. त्यानंतर तो टेम्पोने हलवायचा. मोशीत महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे. नदीकाठी गोण्या रिकाम्या केल्या तर दंड होतो, आणि पवनेचं पात्र आधीच पुरेसं अरुंद झालेलं आहे. मालक टेम्पोचे पैसे वेगळे धरत नाही, तेव्हाच गोण्या रात्री नदीकडे जातात.

मजुरीचे दर हंगामागणिक बदलतात. तरी हिशेबाची रीत दिसावी म्हणून गवंड्याची हजेरी १,००० रुपये, बिगाऱ्याची ७०० आणि प्लंबरची १,२०० धरू. तोडफोडीला दोन बिगारी दोन दिवस, राडारोड्याला दोन बिगारी एक दिवस: ४,२००. प्लंबर आणि मदतनीस दोन दिवस, जुने गंजके पाइप काढून सीपीव्हीसी टाकायला आणि नहाणी ट्रॅप बसवायला: ३,८००. वॉटरप्रूफिंग आणि ढाळ देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा, गवंडी-बिगारी दोन दिवस: ३,४००. भिंतीच्या गिलाव्याला तितकंच: ३,४००. टाइल्सला चार दिवस, कारण कोपरे, नळांची भोकं आणि खिडकीचे काठ यांतच वेळ जातो: ६,८००. शेवटी नळ, कमोड आणि शॉवर बसवायला प्लंबर-मदतनीसाचा एक दिवस: १,९००. एकूण २३,५०० रुपये, फक्त मजुरी. २८ चौरस फुटांना भागलं तर चौरस फुटाला सुमारे ८४० रुपये.

याच घरातली १० बाय ११ची बेडरूम घ्या. साडेनऊ फूट उंचीच्या भिंती ३९९ चौरस फूट, छत ११०, दार-खिडकीचे ३७ वजा: ४७२ चौरस फूट रंगकाम. भिंती बऱ्या असतील तर पुट्टीचे टचअप, प्रायमर आणि दोन हात, मिळून रंगाऱ्याचे तीन दिवस. ९०० रुपये हजेरीने २,७००. जमिनीच्या चौरस फुटाला २५ रुपयेसुद्धा नाहीत. एकाच घरात दोन खोल्यांच्या मजुरीत तीस पटींहून जास्त फरक. अशा घराला ‘चौरस फुटाला अमुक’ असा एकच दर लावणारा ठेकेदार एक तर आपल्या अंगावर नुकसान घेतोय किंवा ते मालकाच्या अंगावर टाकतोय. बहुतेक वेळा मालकाच्याच, कारण दर ठरवताना ठेकेदाराला बाथरूम दिसत असतं आणि मालकाला फक्त कार्पेट एरिया.

सरकारी खात्यांत या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच शोधलं गेलं. सार्वजनिक बांधकाम विभाग दरसूची काढतो. तिच्यात प्रत्येक बाब वेगळी असते: जुना गिलावा काढणे, नवा गिलावा, फरशी, रंग, दार. मोजणी कशी करायची हे भारतीय मानक १२००च्या वेगवेगळ्या भागांत सांगितलेलं आहे. गिलाव्याचा नियम पाहा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायचीच नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट भिंतीच्या एकाच बाजूला करायची. तीनहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंना, आणि मग काठांचा गिलावा वेगळा मोजायचा. कारण सरळ आहे. लहान खिडकीमुळे वाचलेला माल तिचे काठ साफ करण्याच्या मेहनतीत भरून निघतो. ठेकेदाराशी मोजणीवरून होणारे निम्मे वाद, काम सुरू होण्याआधी हा एक नियम दोघांनी मान्य केला तर होणारच नाहीत.

मजूर दिवसाला किती काम करतो याचेही ठोकताळे आहेत. भारतीय मानक ७२७२ त्यासाठीच आहे. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांच्या हाती वर्षानुवर्षं असलेल्या बी. एन. दत्ता यांच्या अंदाजपत्रकांवरच्या पुस्तकातही असे आकडे दिलेले आहेत. १२ मिलिमीटर गिलाव्याला गवंड्यामागे दिवसाला ८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८६ चौरस फूट. पण हा आकडा मोकळ्या, सरळ, नव्या भिंतीचा. बाथरूमच्या चार फुटी भिंतीत थापी फिरवायलाच जागा नसते, आणि जुना थर उकरलेली भिंत कुठे खोल तर कुठे फुगलेली. मालाचंही तसंच. १२ मिलिमीटर जाडीला, एकास चारच्या मिश्रणात, १०० चौरस फुटांना सिमेंटची एक गोणी आणि साधारण ५ घनफूट वाळू लागते. खडबडीत भिंतीवर जाडी २० मिलिमीटरवर गेली की १५४ चौरस फुटांना दीडऐवजी अडीच गोण्या.

तरीही सिमेंटची फार चिंता करण्यात अर्थ नाही. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा अनेकांना दुरुस्ती स्वस्त होईल असं वाटलं. करापूर्वी ३०० रुपयांची गोणी धरली तर गोणीमागे ३० रुपये वाचले. वन बीएचकेच्या पूर्ण दुरुस्तीला २५ गोण्या लागल्या तर ७५० रुपये. गवंड्याचा एक दिवस वाया गेला की त्याहून जास्त जातात. नव्या बांधकामात सिमेंट आणि पोलाद भाव ठरवतात. दुरुस्तीत दिवस ठरवतात.

आणि दिवस पाण्यावर ठरतात. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा आहे. गिलाव्यावर आणि कोब्यावर सात दिवस पाणी मारायचं असतं. वॉटरप्रूफिंगनंतर बाथरूममध्ये पाणी तुंबवून दोन-तीन दिवस खालच्या घराच्या छताकडे लक्ष ठेवायचं असतं. सोसायटीच्या टाकीतून एवढं पाणी घेतलं तर शेजारी तक्रार करणार, आणि ती रास्तच असते. म्हणून टँकरचा किंवा जारचा खर्च अंदाजात वेगळ्या ओळीत लिहावा, आणि काम सुरू करण्याचा वार पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवावा. तुंबवून बघण्याचे तीन दिवस वाचवण्याचा मोह मोठा असतो. ते वाचवलेले तीन दिवस वर्षभरात सगळी टाइल पुन्हा फोडायला लावतात.

वाळूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ती ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. बारीक वाळूत चार-पाच टक्के ओलावा असला तर तिचं घनफळ पंचवीस-तीस टक्क्यांनी फुगतं. पावसाळ्यात ट्रॉली भरलेली दिसते, पण वाळू कमी असते. क्रश सँडलाही हे थोड्याफार प्रमाणात लागू आहे. लहान कामासाठी गोणीबंद माल घेतला तर नग महाग पडतो, पण तिसऱ्या मजल्यावर वाहून नेण्याचा आणि रस्त्यावर सांडण्याचा खर्च वाचतो.

माणसं मिळतात कुठून? थेरगावच्या डांगे चौकासारख्या मजूर अड्ड्यांवर सकाळी आठपर्यंत गर्दी असते. मराठवाड्यातून आलेली गवंडी-बिगाऱ्यांची जोडपी, उत्तर प्रदेश-बिहारचे रंगारी आणि टाइल फिटर. अड्ड्यावरून हजेरीने माणूस आणणं तोडफोडीसाठी योग्य, कारण आत काय निघेल हे आधी कळत नाही. टाइल्स आणि रंग उक्ते द्यावेत, चौरस फुटावर, लेखी मोजणीने. नळकाम नगावर, वायरिंग पॉइंटवर. संपूर्ण घर एकाच आकड्यात उक्ते देणं सोपं वाटतं, पण मग दोन हातांऐवजी एका हातात रंग आटोपला जातो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. भाव फार ताणून पाडणारा मालक शेवटी जास्त देतो. कमी दराने घेतलेलं काम ठेकेदार अर्ध्यात टाकून दुसऱ्या साइटवर माणसं नेतो आणि घर तसंच पडून राहतं.

घर पडून राहणं हाही खर्चच. भाडं १५,००० असेल तर रिकामं घर रोज ५०० रुपये खातं. २० दिवसांचं काम ३५ दिवसांवर गेलं की ७,५०० रुपये गेले, बाथरूमच्या मजुरीच्या जवळपास तिसरा हिस्सा. हा आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. म्हणून कामांचा क्रम महत्त्वाचा: आधी तोडफोड, मग पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्या, मग गिलावा, कोबा, टाइल्स, शेवटी रंग. झिऱ्या राहून गेल्या आणि रंगानंतर इलेक्ट्रिशियन आला, तर रंगाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. चौकटी, लोखंडी ग्रिल आणि ओट्याचं ग्रॅनाइट यांची मापं पहिल्याच आठवड्यात देऊन टाकावीत.

आता मुळातला प्रश्न: एवढं करायचं का? समजा, सगळ्या घरावर २,४०,००० रुपये घातले आणि भाडं १३,०००वरून १५,५००वर गेलं. वर्षाला ३०,००० जास्त, म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं. भाड्याच्या घरातला रंग तितका टिकत नाही. म्हणून खर्चाचे दोन ढीग करावेत. गळती, वायरिंग, गंजके पाइप, सडलेलं दार या खर्चातून भाडं वाढत नाही, पण हा खर्च केला नाही तर भाडेकरूच टिकत नाही आणि खालच्या शेजाऱ्याचं नुकसान होतं. हा ढीग आधी, विनातक्रार. दुसऱ्या ढिगात भाडं वाढवणाऱ्या गोष्टी: वॉशिंग मशीनचा पॉइंट आणि नळ, खिडक्यांना मच्छरजाळी, स्वयंपाकघरात साध्या ट्रॉल्या, कपाटासारखा बंद लॉफ्ट. चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स आणि पीओपीचं छत मालकाच्या डोळ्यांना सुखावतं, पण पिंपळे गुरवमध्ये त्यासाठी जास्त भाडं देणारे थोडेच. जुनी फरशी घट्ट आणि सपाट असेल तर ती पॉलिश करून ठेवणं हाच शहाणपणा.

काही खर्च मालकाचे नसतातच. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर संडास, बाथरूम आणि सिंकची आतली गळती संबंधित सभासदांनी. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायला हवं. बाथरूमच्या छतातून गंजलेले गज दिसत असतील तर टाइल्सची खरेदी थांबवून आधी त्या अहवालाबद्दल विचारावं. गज उघडे पडलेल्या स्लॅबवर पुट्टी फिरवणं हा भाडेकरूच्या जिवाशी खेळ आहे.

गुंठ्यावरच्या घरांचा हिशेब वेगळा. पिंपरी-चिंचवडमधल्या अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ मध्ये सरकारने माफ केला, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण कर माफ होणं म्हणजे बांधकाम नियमित होणं नव्हे. घर नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत असेल, तर वर आणखी एक मजला चढवण्यात पैसे अडकवू नयेत. जुलै २०२४ मध्ये पवना-मुळेचं पाणी सांगवी-पिंपळे गुरवच्या काठच्या वस्त्यांत शिरलं होतं. अशा तळमजल्यावर प्लायवूडच्या कपाटांऐवजी कडप्प्याची फडताळं करावीत आणि विजेचे पॉइंट कमरेच्या वर घ्यावेत. हा खर्च थोडा आहे.

सरकारी अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी ३ ते ५ टक्के धरतात. पंचवीस वर्षांच्या घरात ते पुरत नाहीत, कारण भिंत फोडल्यावर काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं. १५ टक्के बाजूला ठेवावेत आणि ठेकेदाराशी त्याबद्दल बोलू नये. उचल १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. त्यानंतरचे पैसे टप्प्याला बांधावेत: तोडफोड, नळ, टाइल्स, रंग. शेवटचे १० टक्के पाण्याची चाचणी होऊन खालचं छत कोरडं राहिल्यावर. मजुरांची हजेरी मात्र ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नये. ती दर आठवड्याला पोचते की नाही हे मालकाने विचारावं. बिगाऱ्याला हजेरी वेळेवर मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या साइटवर असतो.

बिलांचं काय करायचं हे बहुतेकांना उशिरा कळतं. मिळकत कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्याच्या उत्पन्नातून आयकरात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, दुरुस्तीवर प्रत्यक्षात एक रुपया खर्च झाला किंवा लाख झाले तरी. म्हणजे रंगाच्या बिलाचा वेगळा फायदा नाही. पण नवं स्वयंपाकघर, नवं बाथरूम यांसारखी घराची किंमत वाढवणारी कामं पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना खरेदी किमतीत धरता येतात. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल आणि बँकेतून दिलेले पैसे लागतात. दुकानदार ‘बिल नको असेल तर इतकं कमी’ म्हणतो, तेव्हा वाचलेला कर आणि दहा वर्षांनी विक्रीच्या वेळी लागणारा कर या दोन्हींची तुलना एकाच कागदावर मांडून बघावी.